वाचकांचे प्रश्न : बुद्धिबळ आले कोठून आणि ते बुद्धीला देते काय?

गेल्या दोन महिन्यांत बुद्धिबळाविषयी इतकी पत्रे आली की या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला देत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून पाच प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या शाळेतील बुद्धिबळ स्पर्धेच्या उद्घाटनाला आलेल्या एका पाहुण्यांनी हा खेळ मंदोदरीने रावणासाठी शोधून काढल्याचे सांगितले, तर दुसऱ्यांनी तो महाभारतातील द्यूतापासून निघाल्याचे सांगितले. त्यावर सातवीतील एका मुलाने विचारले, ‘खेळ आपला असेल तर शह, मात, वजीर हे शब्द फारसी-अरबी कसे?’ मला उत्तर देता आले नाही. खरा इतिहास काय आहे?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न मला दोन्ही पाहुण्यांच्या विधानांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण या खेळाचा सगळा प्रवास त्याच्या शब्दांतच साठवलेला आहे.

मंदोदरीची कथा जुनी आहे. लंकेला वेढा पडला असताना रावणाचे मन रमावे म्हणून त्याच्या पत्नीने हा खेळ शोधला, अशी आख्यायिका अठराव्या शतकाच्या अखेरीस संस्कृतचे अभ्यासक सर विल्यम जोन्स यांनीही आपल्या निबंधात नोंदवली होती. परंतु ती आख्यायिकाच आहे, तिला कोणताही प्राचीन आधार नाही. महाभारतातील द्यूत हे अक्षांचे, म्हणजे फाशांचे द्यूत होते. युधिष्ठिर हरला तो दान उलटे पडल्यामुळे. तेथे घोडा पुढे टाकावा की प्यादे, असा विचार करण्याला जागाच नव्हती. म्हणून त्या प्रसंगाचा बुद्धिबळाशी संबंध जोडणे बरोबर नाही.

बुद्धिबळाच्या आधी त्याचा पट होता. आठ घरे लांब आणि आठ घरे रुंद अशा पटाला संस्कृतात ‘अष्टापद’ म्हणत, आणि पतंजलीच्या महाभाष्यातही हा शब्द येतो. त्या पटावर आधी फाशांचे खेळ चालत असावेत. पुढे कधीतरी, बहुधा गुप्तकाळात, उत्तर भारतात कोणीतरी त्याच चौसष्ट घरांवर सैन्य मांडले : हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. सैन्याची ही चार अंगे म्हणून खेळाचे नाव ‘चतुरंग’ पडले. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात राजाच्या सुराज्याचे वर्णन करताना जो श्लेष साधला आहे, तो या बाबतीतला मोठा पुरावा मानला जातो. त्या राज्यात ‘चतुरंगकल्पना’ होत असे ती केवळ अष्टापदांवर, असे तो म्हणतो. ‘कल्पना’ म्हणजे मांडणी आणि ‘कल्पना’ म्हणजे कापणेही. अपराध्यांचे चार अवयव तोडण्याची शिक्षा तेथे नव्हती, चतुरंग होते ते फक्त पटावरचे, असा त्याचा भाव आहे. श्रोत्यांना हा खेळ ओळखीचा नसता तर हा श्लेष वाया गेला असता. खेळ तोपर्यंत किती रुळला होता, हे त्यावरून कळते.

चतुरंग इराणात गेले आणि त्याचे ‘चत्रंग’ झाले. हिंदुस्थानच्या राजाने इराणचा राजा खुस्रो अनुशिरवान याच्या दरबारात हा खेळ कोड्यासारखा पाठवला आणि बुजुर्गमिहर या मंत्र्याने ते कोडे सोडवले, अशी कथा पहलवी या इराणच्या जुन्या भाषेत सांगितली गेली आणि पुढे फिर्दौसीने ती शाहनाम्यात घेतली. इराणी लोकांनी हा खेळ आपला म्हणून सांगितला नाही, तो भारतातून आला असेच सांगितले, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. अरबांनी इराण जिंकल्यावर, त्यांच्या भाषेत ‘च’ आणि ‘ग’ हे उच्चार नसल्याने, ‘चत्रंग’चे ‘शतरंज’ झाले. राजाला ‘शाह’ म्हणून सावध करायचे आणि शेवटी ‘शाह मात’, म्हणजे राजा निरुपाय झाला, असे जाहीर करायचे, ही पद्धत तेथे रूढ झाली.

पुढे सुलतानशाही आणि मोगल काळात फारसी ही दरबारची भाषा झाली, तेव्हा आपलाच खेळ नवी नावे घेऊन आपल्याकडे परतला. शह, मात, मोहरा, वजीर आणि वजिरासाठीच जुन्या मराठीत येणारा ‘फर्जी’ ही सगळी त्या परतीच्या प्रवासातली शिदोरी आहे. ‘प्यादे’ हा शब्दही फारसी ‘पियादा’वरून आला, मात्र तो आणि संस्कृतातील ‘पदाति’ हे एकाच मुळातून निघालेले भाऊ आहेत. आपल्या विद्यार्थ्याला एवढे जरूर सांगावे की शब्द परके असले तरी खेळ उसना ठरत नाही.

दरम्यान भारतात खेळ थांबला होता असे नाही. मध्य आशियातून आलेला विद्वान अल्बिरूनी याने अकराव्या शतकात चार जणांनी फासे टाकून खेळायच्या चतुरंगाचे वर्णन केले आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथातही या खेळाचे सविस्तर विवेचन आहे. मराठी वाचकांना हा ग्रंथ जुन्या मराठी पद्यपंक्तींसाठी माहीत असतो. त्याच ग्रंथात राजाच्या मनोरंजनासाठी पट मांडला आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

वजिराबद्दल एक गोष्ट येथेच सांगतो. मूळ खेळात तो राजाशेजारचा दुबळा मोहरा होता आणि तिरके फक्त एक घर चालत असे. प्यादे फर्जी झाले की तिरके तिरके चालू लागते, असे रहीमने एका दोह्यात ओछ्या, म्हणजे हलक्या मनाच्या, माणसाच्या भरभराटीविषयी म्हटले आहे. हे वर्णन त्या जुन्या चालीशी नेमके जुळते. आजचा वजीर आडवा, उभा आणि तिरका हवा तितका धावतो, ती देणगी पंधराव्या शतकाच्या अखेरच्या युरोपची, विशेषतः स्पेनची. तेथे हा मोहरा राणी झाला आणि पटावरचा सर्वांत बलवान ठरला. उंटाची लांब चालही त्याच काळातली. यामुळे डाव वेगवान झाला आणि आजचे बुद्धिबळ खऱ्या अर्थाने जन्माला आले. खेळ भारतात जन्मला हे जितके खरे, तितकेच त्याला आजचे रूप अनेक देशांनी मिळून दिले हेही खरे आहे, आणि मुलांना दोन्ही गोष्टी एकत्रच शिकवाव्यात.

प्रश्न : माझे आजोबा प्यादे नेहमी एकच घर चालवत आणि राजाला एकदा घोड्याची चाल देत. माझा नातू हे चुकीचे आहे म्हणतो. आजोबा चुकीचे खेळत होते काय?
— एक वाचक, वाई

उत्तर : आपले आजोबा चुकत नव्हते, ते देशी नियमांनी खेळत होते. त्या पद्धतीत प्याद्याला सुरुवातीलाही दोन घरे चालता येत नसे. आजच्या कॅसलिंगऐवजी, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याच्या सवलतीऐवजी, राजाला, त्याला तोवर शह बसला नसेल तर, एकदा घोड्याची अडीच घरांची चाल मिळे. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की ज्या मोहऱ्याचे ते घर असेल तोच मोहरा बहुधा त्याला होता येई, हवा तो नव्हे. प्रांताप्रांतांत यात लहानसहान फरक असत. प्याद्याने दिलेली मात, म्हणजे ‘प्यादेमात’, ही आपल्याकडे विशेष मानाची समजली जाई, आणि ‘शहाला काटशह’ हा वाक्प्रचार तर आज पट न पाहिलेलेही वापरतात.

या देशी पद्धतीत वाढलेल्या एका माणसाची हकिगत आपल्या नातवाला अवश्य सांगावी. पंजाबातील मीर सुलतान खान यांनी १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धा जिंकली आणि सर उमर हयात खान या आश्रयदात्याबरोबर ते लंडनला गेले. युरोपीय नियम त्यांना नवे होते, सुरुवातीच्या चालींवरची पुस्तके त्यांनी वाचलेली नव्हती, तरी १९२९ साली ते ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून गेले. १९३२ आणि १९३३ साली त्यांनी ते पुन्हा मिळवले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवले. सुरुवातीला ते अनेकदा अडचणीत येत, पण मोहरे कमी झाल्यावरचा अंतिम डाव ते विलक्षण ताकदीने खेळत. सावकाश चालणाऱ्या देशी खेळात घडलेली ती सवय असावी, असे माझे मत आहे. १९३३ च्या अखेरीस ते भारतात परतले आणि शेतीत रमले. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने त्यांना मानद ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. हा उशीर मनाला लागतो.

देशी नियम मागे पडले ते संघटित स्पर्धा सुरू झाल्यावर. १९५१ साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिच्या संयुक्त विजेत्यांत डी. वेंकय्या यांच्याबरोबर आपले रामचंद्र सप्रे होते. एकच नियम असल्याशिवाय जगाशी खेळता येत नाही, म्हणून हा बदल आवश्यकच होता. तरीही आजोबांचे नियम आपल्याला आठवत असतील तर ते कागदावर लिहून ठेवावेत आणि नातवाबरोबर एक डाव त्या पद्धतीने खेळावा, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे. अशा घरगुती नियमांची नोंद फार थोड्यांनी केली आहे.

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. बुद्धिबळाच्या वर्गाची फी बरीच आहे, पण तेथे सांगतात की या खेळाने गणित सुधारते, स्मरणशक्ती वाढते आणि बुद्ध्यंक वाढतो. हे शास्त्राने सिद्ध झाले आहे काय?
— एक पालक, पिंपरी

उत्तर : ज्या स्वरूपात हे दावे केले जातात त्या स्वरूपात ते सिद्ध झालेले नाहीत. मी स्वतः अनेक वर्षे मुलांना हा खेळ शिकवत आलो आहे आणि माझे त्याच्यावर मनापासून प्रेम आहे, म्हणूनच हे स्पष्ट सांगणे मला कर्तव्य वाटते.

प्रथम स्मरणशक्तीविषयी. आड्रियान द ग्रोट हे डच मानसशास्त्रज्ञ स्वतः उत्तम खेळाडू होते. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांनी दाखवले की खऱ्या डावातील स्थिती काही सेकंद दाखवून पट झाकला तर श्रेष्ठ खेळाडू ती जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा मांडतात आणि नवशिक्यांना मात्र थोडेच मोहरे आठवतात. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी अमेरिकेत याच प्रयोगाला एक जोड दिली : तेच मोहरे पटावर कसेही, डावात कधी येणार नाहीत असे विखरून ठेवले. तेव्हा श्रेष्ठ खेळाडूंचा वरचढपणा जवळजवळ नाहीसा झाला. याचा अर्थ त्यांची स्मरणशक्ती सर्वसाधारणपणे मोठी नव्हती; हजारो डावांतून त्यांनी मोहऱ्यांच्या रचना ओळखीच्या करून घेतल्या होत्या. पहिलीतले मूल ‘महाराष्ट्र’ हा शब्द अक्षर अक्षर लावून वाचते आणि आपण तो एका दृष्टिक्षेपात वाचतो, तसेच हे आहे. तीच अक्षरे उलटसुलट करून दिली तर आपणही अडखळतो. पटावर कमावलेली ही ओळख पटापुरतीच राहते, ती पाढे पाठ करायला किंवा इतिहासाच्या सनावळ्या लक्षात ठेवायला आपोआप येत नाही.

गणिताचे म्हणाल तर लहान लहान प्रयोगांत बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांची प्रगती चांगली दिसली आहे. मात्र त्यांपैकी बऱ्याच प्रयोगांत तुलनेसाठीच्या मुलांना दुसरे काही नवे शिकवलेच नव्हते. नवा शिक्षक, नवा तास, नवा उत्साह यांचा परिणाम कोणता आणि बुद्धिबळाचा कोणता, हे त्यामुळे वेगळे करता येत नाही. इंग्लंडमध्ये याची मोठी चाचणी झाली आणि तिचा अहवाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. शंभर प्राथमिक शाळांतील नऊ-दहा वर्षांची सुमारे ४,००० मुले तिच्यात होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काही शाळा निवडून तेथील मुलांना शाळेच्या वेळात ३० तास बुद्धिबळ शिकवले गेले. उपक्रम संपल्यावर वर्षभराने परीक्षा घेतली तेव्हा गणितात, वाचनात किंवा विज्ञानात शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांत फरक आढळला नाही. बुद्धिमान मुले या खेळाकडे वळतात आणि त्यात टिकतात, हेही लक्षात घ्यायला हवे. वर्गातली मुले हुशार दिसतात म्हणून वर्गानेच ती हुशार केली, असा निष्कर्ष निघत नाही.

मग मुलाला पाठवावे की नाही? त्याला पटासमोर बसायला आवडत असेल तर अवश्य पाठवावे, परंतु गुणपत्रिकेसाठी नव्हे. या खेळात दान नाही, पंच नाही, खराब खेळपट्टी नाही. हरलो तर ती माझीच चाल होती, हे आठ वर्षांच्या मुलाला इतक्या थेटपणे सांगणारे दुसरे काही मला माहीत नाही. ‘हात लावला की चाल’ या नियमामुळे हात थोपवून धरायची सवय लागते. लिहून ठेवलेला डाव संध्याकाळी पुन्हा मांडला की आपण कोठे चुकलो ते रडे न येता पाहता येते. ही सवय पटाबाहेर किती जाते, हे पालक आणि शिक्षक तिच्याबद्दल मुलाशी किती बोलतात यावर अवलंबून असावे. हे माझे निरीक्षण आहे, सिद्धान्त नव्हे.

फी जड जात असेल तर वर्ग हवाच असेही नाही. घरी आधी फक्त राजे आणि प्यादी मांडून खेळावे आणि ते जमले की एकेक मोहरा वाढवावा. पहिल्याच दिवशी बत्तीस मोहरे मांडले की मूल गोंधळते आणि आपण त्याला अकारण मठ्ठ समजतो. बुद्ध्यंक वाढवण्याची हमी देणाऱ्या वर्गापेक्षा मुलाला हरलेला डाव पुन्हा मांडून दाखवणारा शिक्षक शोधावा.

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा स्पर्धेत खेळते. नातेवाईक म्हणतात की मुलींना हा खेळ पुढे झेपत नाही. त्यांना काय सांगावे?
— एक आई, सोलापूर

उत्तर : त्यांना मुंबईच्या खाडिलकर भगिनींविषयी सांगावे. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या भगिनी जयश्री या भारताच्या पहिल्या महिला इंटरनॅशनल मास्टर झाल्या. सर्वांत धाकट्या रोहिणी पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या आणि १९८१ साली आशियाई विजेत्या ठरल्या. १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा गदारोळ उठला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी जागतिक महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष माक्स यूवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. आज आपली मुलगी खुल्या गटात नाव नोंदवू शकते, त्यामागे त्या मुलीचा हट्ट आहे.

त्यानंतर सांगलीच्या राष्ट्रीय विजेत्या भाग्यश्री साठे-ठिपसे आल्या. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेत, भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळवले, तेव्हा त्या संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते आणि संघात नागपूरच्या दिव्या देशमुख होत्या. दिव्या यांनी जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे भारताच्याच कोनेरू हम्पी यांना हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने त्या ग्रँडमास्टर झाल्या. तेव्हा त्या १९ वर्षांच्या होत्या. मुली मागे पडताना दिसतात त्याची कारणे मला पटावर सापडत नाहीत. स्पर्धेसाठी परगावी पाठवायचे कोणी, सोबत जायचे कोणी, दहावीच्या वर्षी खेळ आधी कोणाचा बंद करायचा, या घरगुती निर्णयांत ती सापडतात. ते निर्णय आपल्या हातात आहेत.

प्रश्न : माझे वय ७४ आहे. नावे विसरू लागलो आहे. बुद्धिबळ खेळल्याने स्मृतिभ्रंश टळतो असे वाचले. या वयात शिकावे काय?
— एक ज्येष्ठ वाचक, रत्नागिरी

उत्तर : नावे विसरण्याबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावे, पुष्कळदा त्याचे कारण साधे आणि उपचार होण्याजोगे असते. आपण वाचले त्याचा आधार बहुधा न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील अभ्यास असावा. २००३ साली तो प्रसिद्ध झाला. पंचाहत्तरीपुढच्या, सुरुवातीला स्मृतिभ्रंश नसलेल्या ४६९ व्यक्तींकडे त्यात सुमारे पाच वर्षे लक्ष ठेवले गेले, आणि वाचन करणाऱ्या, पटावरचे खेळ खेळणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या व नृत्य करणाऱ्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. खेळामुळे आजार टळला असे त्यावरून सिद्ध होत नाही. आजाराची चाहूल लागलेला माणूस नकळत असे छंद आधीच सोडत असेल, अशीही शक्यता आहे. म्हणून औषध समजून पटावर बसू नये.

परंतु शिकावे, जरूर शिकावे. मोठ्या घरांचा पट आणि हाताला सहज उचलतील असे लाकडी मोहरे घ्यावेत. मोबाइलवर यंत्राशी खेळण्यापेक्षा समोर माणूस असलेला बरा. शेजारी शाळकरी मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांनाच शिकवायला सांगावे, मुलांना ते फार आवडते. चाल विसरली तर विचारावी. दिवसाला एक डाव पुरे, आणि तो अर्धा राहिला तर पट तसाच झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी पुढे खेळावा.